सासूला 'आत्या' म्हणायचं, तर मग 'मामा' कुणाला?

पत्र

ताई, माझ्या लग्नाला पाच महिने झाले. मी नाशिकची, सासर सांगली जिल्ह्यातलं. आम्ही दोघं नोकरीसाठी पुण्यात असतो, महिन्यातून एकदा गावी जातो. लग्नानंतर पहिल्याच दिवशी मला सांगितलं गेलं की सासूबाईंना 'आत्या' म्हणायचं आणि सासऱ्यांना 'मामा'. मोठ्या जाऊबाईही तसंच म्हणतात. आमच्याकडे ही पद्धत नाही.

माझे वडील मी चार वर्षांची असताना गेले. मला मामाने वाढवलं. शाळेची फी, सायकल, कॉलेज, सगळं त्याने केलं. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी तो गेला. मंडपात गुरुजी म्हणाले, 'मामांनी मुलीला घेऊन यावं', तेव्हा मामेभाऊ मला घेऊन गेला. आता दुसऱ्या कुणाला 'मामा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सासरे मायाळू आहेत, पण मी त्यांना आजवर एकही हाक मारलेली नाही. काही सांगायचं असलं तर समोर जाऊन उभी राहते, मगच बोलते. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. त्यातच माझा नवरा माझ्या आईला 'मामी' म्हणाला, तेव्हा तीही गोंधळली.

आई म्हणते, सरळ आई-बाबा म्हण. मैत्रीण म्हणते, ही नात्यात लग्नं व्हायची तेव्हाची हाक आहे, तू मुळीच म्हणू नकोस. मला खरंच जाणून घ्यायचंय, सासूला आत्या का म्हणतात? आणि मी काय करू?

उत्तर

प्रिय मुली,

'समोर जाऊन उभी राहते, मगच बोलते.' तुझं पत्र वाचून बाजूला ठेवलं तरी हे वाक्य मनातून गेलं नाही. पाच महिने हाकेवाचून एखाद्याच्या घरात वावरायचं म्हणजे किती दमायला होत असेल! म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. सासऱ्यांना 'मामा' म्हणायची सक्ती स्वतःवर करू नकोस. पण त्यांना बिनहाकेचंही ठेवू नकोस. मधली वाट आहे, आणि ती मराठी घरांनीच फार पूर्वी पाडून ठेवलेली आहे. तिच्यापर्यंत पोचायला मात्र तुझ्या पहिल्या प्रश्नावरूनच जावं लागेल.

तुझ्या पत्रातल्या तीन हाका एका ओळीत मांडून बघ. तू सासूला आत्या म्हणायचं. सासऱ्यांना मामा म्हणायचं. तुझ्या नवऱ्याने तुझ्या आईला मामी म्हणायचं. वेगवेगळ्या घेतल्या तर तिन्ही विचित्र वाटतात. पण समज, तुझी सासू खरोखरच तुझ्या वडिलांची बहीण असती, तर? मग ती तुझी आत्याच. तिच्या मुलाच्या दृष्टीने तुझे वडील मामा आणि तुझी आई मामी. म्हणजे मुलाने मामाची मुलगी केली आणि मुलगी आत्याच्या घरी सून होऊन गेली, असं एकच लग्न डोळ्यांपुढे आणलं की हाका जागच्या जागी बसतात.

उरले सासरे. आत्याच्या नवऱ्याला कुठे 'आतोबा' म्हणतात, पण पुष्कळ मराठी घरांत त्याला 'मामा'च म्हणतात. आमच्याकडेही तसंच होतं, आणि लहानपणी मला त्याचं कोडं पडायचं, की आईचा भाऊ नसलेला माणूस मामा कसा? त्याचा उलगडा साट्यालोट्यात आहे. दोन घरांनी एकमेकांच्या मुली केल्या, तर माझ्या आत्याचा नवरा आणि माझ्या आईचा भाऊ ही दोन माणसं राहतच नाहीत. एकाच माणसाची ती दोन नाती होतात. जात्यावरच्या ओव्यांत आत्याला 'मावळण' म्हटलेलं तू कदाचित ऐकलं असशील. संस्कृतात मामा म्हणजे मातुल आणि मामाची बायको म्हणजे मातुलानी. प्राकृतात 'मातुल'चा 'माउल' झाला, आणि मावळण आली ती या घराण्यातून. मामाच्या बायकोचा शब्द बापाच्या बहिणीला जाऊन चिकटला! ज्या घरांत या दोघी एकच होत्या, त्या घरांची ही खूण आहे असं मला वाटतं.

आता तुझ्या सासरचा नकाशा बघ. सांगली जिल्ह्यातच, जत तालुक्यात, कितीतरी घरांत कानडी बोलतात. कानडीत 'अत्ते' म्हणजे बापाची बहीण आणि 'अत्ते' म्हणजेच सासू. 'माव' म्हणजे आईचा भाऊ आणि सासराही. तेलुगूत सासू 'अत्त' आणि सासरा 'माम'. तमिळमध्ये आत्या 'अत्तै', मामा 'मामा'च, आणि सासरा 'मामनार'. गोव्याच्या कोंकणीतही सासऱ्याला 'मांव' म्हणतात. या भाषांना सासू-सासऱ्यांसाठी वेगळा शब्द शोधावा लागला नाही, कारण सासर म्हणजे बहुतेक वेळा ओळखीचंच घर असायचं.

उत्तरेकडे गेलीस की चित्र पालटतं. हिंदीतले सास-ससुर संस्कृतातल्या श्वश्रू-श्वशुरांवरून आले आणि त्यांचा बुआशी, म्हणजे आत्याशी, किंवा मामाशी काहीही संबंध नाही. तिकडे मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे बहिणीशी लग्न. मराठी या दोघांच्या मधोमध बसलेली. आपल्याकडे सासू-सासरे हे उत्तरेचे शब्द आहेत, पण ते आपण त्यांच्याविषयी बोलताना वापरतो. 'माझ्या सासूबाई आल्यात' असं शेजारणीला सांगतो. प्रत्यक्ष हाक मारायची वेळ आली की आत्याबाई आणि मामंजी, म्हणजे दक्षिणेची रीत. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थेचे प्रदेश पाडले, तेव्हा महाराष्ट्राला त्यांनी उत्तर-दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात ठेवलं होतं. त्यासाठी त्यांनी खूप मोठा अभ्यास केला. पण तुझ्या सासरच्या सोप्यात तुझी मोठी जाऊ सासूला हाक मारते, त्या एका हाकेतही ते सगळं ऐकू येतं.

'आत्या' या शब्दाकडे जरा निवांत बघू. आईच्या बहिणीचा संस्कृत शब्द मातृष्वसा, तो झिजून आपली मावशी झाली. बापाच्या बहिणीचा पितृष्वसा. तो बंगालीत पिशी होऊन अजून नांदतो आहे. प्राकृतात त्याचं 'पिउच्छा' झालं होतं. मराठीने मात्र मावशी ठेवली आणि हा दुसरा शब्द सोडला. त्याच्या जागी आली आत, आत्या, आतेबाई. ही दक्षिणेच्या 'अत्ते'च्या गोतातली. पण ती काल-परवा आलेली नाही. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशती या जुन्या कवितासंग्रहात, म्हणजे पैठणच्या परिसरातल्या महाराष्ट्री प्राकृतात, 'अत्ता' हा शब्द येतो, आणि तिथे सून तो सासूसाठी वापरते. शाळेत जिला आपण मराठीची पूर्वज भाषा म्हणून शिकलो, तिच्यातली सून सासूला काय म्हणते बघ! तुझ्या जाऊबाईंपासून फार लांब नाही.

आणि बाराव्या शतकातले हेमचंद्र. गुजरातेतले हे जैन पंडित. त्यांनी देशी शब्दांचा एक कोश केला, त्यात 'अत्ता'चे चार अर्थ दिले आहेत: आई, बापाची बहीण, सासू आणि सखी. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले होते. एका बाईच्या आयुष्यात येणाऱ्या चार वेगवेगळ्या बायका एका शब्दात राहत होत्या. तू सासूला आत्या म्हणावंस की आई म्हणावंस यावर तुझ्या घरी खल चालला आहे, आणि हा जुना शब्द एकेकाळी दोन्ही होता.

मैत्रिणीचं म्हणणंही मी बाजूला टाकत नाही. तिने शब्दाचा उगम बरोबर ओळखला आहे. ही हाक नात्यातल्या लग्नांतूनच आली. ही चाल दक्षिणेत होती आणि उत्तरेला ती खटकत होती, याची नोंद बौधायन धर्मसूत्र या प्राचीन आचारग्रंथात आहे. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करणं हे दाक्षिणात्यांच्या वेगळ्या आचारांपैकी एक म्हणून तिथे सांगितलं आहे. महाभारतात तर अर्जुनाने सुभद्रा केली. सुभद्रा वसुदेवाची मुलगी आणि कुंती वसुदेवाची बहीण. म्हणजे अर्जुनाने मामाची मुलगी केली आणि सुभद्रेची सासू तिची सख्खी आत्या होती. आपण ही कथा लहानपणापासून ऐकतो, पण सुभद्रेने कुंतीला काय हाक मारली असेल हे कुणाच्या मनात येत नाही.

या चालीमागे व्यवहार होता. जमीन, देणंघेणं, ओळख, सगळं दोन घरांतच राहायचं. पण बापाच्या मनात याहून साधी गोष्ट असायची, असं मी माझ्या आजीच्या तोंडून ऐकलं आहे. दहा-बारा वर्षांची पोर परक्या दारात पाठवायची, तर निदान तिथे आपली बहीण असावी. रात्री मुलगी रडली तर तिला जवळ घेणारी बाई रक्ताची असावी.

आणि पुष्कळदा तसं झालं नाही. पाळण्यातच सोयरीक ठरायची, मुलीला विचारायचा प्रश्नच नव्हता. सासू झालेली आत्या छळू लागली तर मुलीने तक्रार तरी कुणाकडे करायची? बापाकडे गेली तर ती त्याचीच बहीण. ही बाजू तुझ्यापासून लपवली तर मी तुझ्याशी खोटं बोलल्यासारखं होईल. शिवाय इतक्या जवळच्या नात्यातल्या लग्नांमुळे काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, हेही आता आपल्याला ठाऊक आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भावाची आणि बहिणीची मुलं एकमेकांना निषिद्ध धरली आहेत, फक्त दोन्ही घरांत तशी रूढी असेल तर सूट ठेवली आहे.

पण तुझ्या बाबतीत यातलं काहीच नाही. तू नाशिकची, तो सांगलीचा, रक्ताचं नातं नाही. तू 'आत्या' म्हटलंस म्हणून ते तयार होणार नाही, आणि त्या चालीला तुझी संमती आहे असाही त्याचा अर्थ होणार नाही. चाल मागे पडली, तिची हाक तेवढी राहिली. परक्या घरात तुझं आधीपासून कुणीतरी आहे असं धरून चालणारी ही हाक आहे, आणि मला ती आवडते. सासूबाई वाईट वागत असत्या तर मी वेगळं लिहिलं असतं. तुझ्या पत्रात त्यांच्याविषयी तक्रारीचा एक शब्दही नाही. तेव्हा आत्या म्हणायला तुला अडचण नसावी, असं मला वाटतं. असलीच तर मला कळव.

अडचण आहे ती 'मामा'ची.

मध्यंतरी मोबाइलवर एक संदेश फिरत होता, की 'मा' दोनदा म्हटलं की मामा होतो, कारण मामाची माया आईच्या दुप्पट असते. वाचायला गोड आहे, पण शब्द तसा झालेला नाही. संस्कृतात मामासाठी 'मामक' असाही शब्द सापडतो, आणि मुळात ही बाळाच्या ओठांवरची अक्षरं आहेत. ओठ मिटून उघडले की 'म' येतो. जगभर बाळांच्या तोंडून तो येतो आणि जवळचं माणूस 'मला हाक मारली' म्हणून तो उचलून घेतं. बहुतेक ठिकाणी आई उचलते. आपल्याकडे आईचा भाऊ. आणि जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील.

तुझं पत्र वाचताना मला हेच आठवलं. चार वर्षांची असताना वडील गेले आणि एका माणसाने सगळं केलं. त्याला तू मामा म्हणत होतीस. त्या दूरच्या देशातलं कुणी ती हाक ऐकतं तर त्याला वाटलं असतं, ही मुलगी आपल्या वडिलांना बोलावते आहे. तुझी जीभ का रेटत नाही ते मला समजतं. तो शब्द तुझ्या घरात दोन माणसांचं काम करत होता. तो लगेच तिसऱ्याला देऊन टाक असं तुला कुणी सांगू नये.

आता ती मधली वाट. माझी आई सासऱ्यांना 'मामंजी' म्हणायची. 'मामा'ला 'जी' लागला, मध्ये अनुस्वार आला आणि शब्दच वेगळा झाला. लग्नानंतर सुरुवातीला तीही नुसतं 'मामा' म्हणत होती. एकदा तिचा सख्खा मामा भेटायला आला, दोघे सोप्यात बसले होते, तिने आतून 'मामा, चहा आणू?' असं विचारलं आणि दोघांनीही 'हो' म्हटलं. त्या दिवसापासून माझे आजोबा मामंजी झाले, ते शेवटपर्यंत. आईच्या तोंडून 'मामा' आणि 'मामंजी' हे मी इतक्या वेगळ्या आवाजांत ऐकले आहेत, की मोठी होईपर्यंत ते एकाच शब्दातून निघाले असतील हे मला सुचलं नव्हतं. पहिल्यात लाड होता. दुसऱ्यात आदर होता आणि नंतर नंतर मायाही आली. पण ती माया वेगळी.

तुझ्या सासरी नुसतं 'मामा' म्हणायची पद्धत असली तरी 'मामंजी' त्यांना परकं वाटणार नाही. उलट गावातल्या जुन्या बायकांना ते जास्त मानाचं वाटेल. तुझ्या आईचं 'आई-बाबा'ही चूक नाही. आता शहरांत 'अहो आई', 'अहो बाबा' छान रुळलं आहे, आणि त्यातला 'अहो' आपल्या आईपासून तेवढं अंतर नेमकं राखतो. पण 'बाबा' हा शब्द तुझ्याकडे चार वर्षांची असल्यापासून बंद पेटीत आहे. तो काढताना तुला काय होईल, हे तुझं तुलाच बघावं लागेल. मोठी जाऊ मामा म्हणते आणि तू बाबा, याने घरात दोन तऱ्हा होतील, त्याचाही विचार कर. मी तुझ्या जागी असते तर मामंजी निवडलं असतं.

हे नवऱ्याकडून निरोप पाठवून करू नकोस. निरोपात ते 'तिला आपली पद्धत नको आहे' असं होऊन पोचेल. गावी जाशील तेव्हा सासूबाई एकट्या असतील अशी वेळ बघ, भाजी निवडताना, नाहीतर दुपारी पाठ टेकल्यावर, आणि सरळ सांग. 'आत्या, मामा म्हणायला गेले की मला माझा मामा आठवतो आणि घशात दाटून येतं. मी त्यांना मामंजी म्हटलं तर चालेल का?' बोलताना त्यांना 'आत्या' म्हण. ती हाक ऐकल्यावर पुढचं त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. त्यांनाही कुणीतरी एक मामा असेल. त्यांना स्वतःच्या लग्नात त्याने हाताला धरून बोहल्यापाशी नेलं असेल.

सासऱ्यांना तुझ्या मामाविषयी कुणी सांगितलं आहे का? मला वाटतं, नसावं. पाच महिने ते एवढंच बघत आहेत की नवी सून आपल्याला हाक मारत नाही. आपलं काय चुकलं, असं त्यांच्या मनात येत असेल. त्यांना मामाचा फोटो दाखव. त्या सायकलीची गोष्ट सांग.

तुझ्या आईला 'मामी'चा अर्थ समजावून दे. जावयाच्या तोंडून ही हाक म्हणजे 'तुम्ही माझ्या आजोळच्या'. त्यांच्या भागात जावयाला सासूशी आपुलकीने बोलायला याहून जवळचा शब्द क्वचितच असेल.

आणि एक विचारायचं राहिलं. तुझ्या पत्रात मामा आहे, आई आहे, मामेभाऊ आहे. मामी दिसली नाही. ती असेल तर आज तिला फोन कर. तुझ्या सायकलीचे पैसे ज्या घरखर्चातून निघाले, तो तीच चालवत होती. लग्नात मामाच्या जागी मुलाला पाठवून ती कुठे उभी होती, हेही तिला विचार. आणि ती तिच्या सासूला, म्हणजे तुझ्या आजीला, काय हाक मारायची ते विचारून घे. तू लिहिलं आहेस की तुमच्याकडे ही पद्धत नाही. मामीच्या वेळीही नव्हती का, ते मला कळव. मी वाट बघते.

तुझी,
ताई